बाबांनी टिक केलीच नव्हती

माझे बाबा ३४ वर्षं बँकेत होते, त्यातली बरीच कॅशियर म्हणून. संध्याकाळी कॅश टॅली होताना एक रुपया कमी-जास्त निघाला तरी घरी यायचे नाहीत. आम्ही जेवायचे थांबायचो आणि आई म्हणायची, "सापडला वाटतं रुपया," तेव्हा कुठे त्यांच्या स्कूटरचा आवाज यायचा.

हेच बाबा मे महिन्यात माझ्याकडे पुण्याला आले होते. परत सांगलीला जाताना स्वारगेटला उभ्या-उभ्या त्यांनी फोनवर एका खासगी बसचं तिकीट काढलं. घरी पोचल्यावर हिशोबाच्या वहीत प्रवासखर्च लिहायला बसले आणि मला फोन आला. "अरे, तिकीट ६५० चं होतं ना? खात्यातून ७२७ गेलेत."

मी स्क्रीनशॉट मागवला. प्रवास विमा ४९, कुठल्याशा निधीला देणगी १०, आणि आधीच्या एकाही पानावर न दिसलेलं सुविधा शुल्क १८.

"पण मी टिक केलीच नव्हती," बाबा म्हणाले. ते खरं बोलत होते. टिक आधीच केलेली होती.

मला हे लगेच कळलं, कारण तसाच एक चौकोन मी स्वतः लिहिलेला आहे. आधीच्या नोकरीत, कॉलेजमधून बाहेर पडल्यावर दुसऱ्याच वर्षी. बसचं ॲप नव्हतं, दुसरंच काही होतं. काम सोपं होतं: पैसे भरायच्या पानावर एक चेकबॉक्स टाकायचा आणि त्याची सुरुवातीची किंमत 'ट्रू' ठेवायची. ओळ एकच. कोड रिव्ह्यूमध्ये त्यावर कुणी एक प्रश्न विचारला नाही, मीही विचारला नाही. उलट त्या तिमाहीत आमच्या टीमला शाबासकी मिळाली.

तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. गेल्या दोन वर्षांत आपल्याकडे याबद्दल बऱ्याच घडामोडी झाल्यात, तर म्हटलं नीट लिहावं.

काउंटरच्या आतले बाबा आणि बाहेरचे बाबा

आपण सहसा म्हणतो, "माणसानं बघून बटण दाबावं." पण बाबांइतकं बघून कोण करतं? फरक माणसात नव्हता, माणूस कुठे उभा होता त्यात होता. बँकेत त्यांच्यासमोर जाळीचा काउंटर होता, नोटा मोजायला जागा होती, स्लिपवर रक्कम आकड्यात आणि अक्षरात अशी दोनदा लिहिलेली असायची आणि मोठ्या रकमेवर दुसऱ्याची सही लागायची. ती सगळी व्यवस्था म्हणजे चूक पकडण्याचं यंत्र होतं. माणूस दमलेला असला तरी यंत्र त्याला सांभाळून घेत होतं.

स्वारगेटला काय होतं? दुपारचं ऊन, त्यामुळे स्क्रीन अर्धी दिसत नव्हती. एका हातात बॅग. चष्मा खिशात. स्क्रीनवर 'फक्त ३ सीट शिल्लक' आणि खाली उलटा मोजणारा टायमर. विम्याची ओळ फिकट करड्या रंगात बारीक अक्षरांत, आणि 'पुढे जा' हे बटण भलंमोठं, केशरी.

आता यातली गंमत बघा. हे पान ज्यांनी बनवलं ते कुठे बसले होते? एसी ऑफिसात, २७ इंची मॉनिटरसमोर. आम्ही इंजिनिअर लोक डिझाइन तपासतो तेव्हा ते शेजारच्या खिडकीत झूम करून उघडलेलं असतं. त्या मॉनिटरवर विम्याची ओळ अगदी स्वच्छ वाचता येते. मीटिंगमध्ये कुणी शंका काढली की उत्तर तयार असतं: "लिहिलेलं आहे की! युजर काढू शकतो टिक." खोटं नाही ते. पण ते वाक्य मॉनिटरवर खरं असतं, उन्हात उभ्या असलेल्या माणसाच्या सहा इंची फोनवर नाही.

आकडे काय सांगतात

या सगळ्याला नाव आहे 'डार्क पॅटर्न'. ब्रिटनमधले डिझायनर हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये हा शब्द वापरात आणला. वापरणाऱ्याकडून त्याच्या मनात नसलेली गोष्ट करवून घेणारी रचना, असा त्याचा साधा अर्थ.

रचनेचा परिणाम किती होतो? मला सगळ्यात पटलेला प्रयोग जेमी लुगुरी आणि लिओर स्ट्राहिलेविट्झ यांचा आहे, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला. अमेरिकेतल्या लोकांना त्यांनी ओळखचोरीपासून संरक्षण देणारी एक सशुल्क सेवा देऊ केली. एका गटाला साधा प्रश्न: हवी की नको. त्यात ११.३ टक्के लोकांनी हो म्हटलं. दुसऱ्या गटाला तीच सेवा, पण थोडी चलाख मांडणी करून, तिथे २५.८ टक्के. तिसऱ्या गटाला नकार द्यायला बरीच पानं ओलांडायला लावली, फिरवून प्रश्न विचारले, तिथे ४१.९ टक्के. वस्तू तीच, सुमारे चौपट होकार. कमी शिकलेले लोक सौम्य चलाखीला जास्त बळी पडले, हेही त्यात दिसलं. आणि अंगावर येणारी गोष्ट म्हणजे सेवेची किंमत वाढवून पाहिली तरी होकार फारसे घटले नाहीत. म्हणजे लोक किंमत बघून ठरवतच नव्हते, पानाची मांडणी त्यांच्या वतीनं ठरवत होती.

आधीच केलेली टिक हा यातला सगळ्यात जुना आणि दणकट प्रकार. एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन यांचा २००३ चा अवयवदानावरचा अभ्यास प्रसिद्ध आहे. जर्मनीत नोंदणी स्वतःहून करावी लागायची, तिथे संमती १२ टक्के. शेजारच्या ऑस्ट्रियात नको असेल तर कळवायचं, तिथे ९९.९८ टक्के. (ही कागदावरची संमती, प्रत्यक्ष दानाचा आकडा वेगळा असतो.) भाषा जवळपास तीच, सीमा लागून, पण फॉर्म उलटा.

इथे थोडं सावध करतो, कारण या विषयावर व्हॉट्सॲपवर काहीही फिरतं. उपाशी न्यायाधीश जामीन देत नाहीत, अशा थाटाचा एक अभ्यास तुम्ही ऐकला असेल. तो मूळ अभ्यास २०११ चा, इस्रायलमधल्या पॅरोलच्या निकालांवरचा. त्यावर त्याच वर्षी आक्षेप आला की खटल्यांचा क्रम मुळात यादृच्छिक नव्हताच. वकील नसलेले कैदी बऱ्याचदा सत्राच्या शेवटी यायचे. 'नज' म्हणजे हलकेच ढकलण्याच्या तंत्राचंही तसंच. स्टेफानो डेलाविन्या आणि एलिझाबेथ लिनोस यांनी २०२२ मध्ये दाखवलं की नियतकालिकांत छापलेल्या प्रयोगांत सरासरी परिणाम ८.७ टक्के बिंदूंचा होता, तर अमेरिकेतल्या नज पथकांनी मोठ्या प्रमाणावर केलेल्या प्रयोगांत फक्त १.४. म्हणजे भोवतालाची जादू वगैरे काही नसते. छापून येतं ते फुगवलेलं असू शकतं.

मग १.४ टक्के म्हणजे काहीच नाही का? इथे इंजिनिअरचं डोकं वेगळं चालतं. एक टक्का बदल तुमच्या-माझ्या आयुष्यात दिसणारही नाही. पण रोज लाखो लोक जे पान उघडतात त्यावर एक टक्का म्हणजे रोज हजारो टिक. बाबांचे ५९ रुपये कुणाच्या खिजगणतीत नसतात, म्हणूनच ते काढून घेता येतात.

१३ प्रकार, आणि तपासणारा कोण?

आता बातमीकडे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्न रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यात १३ प्रकार नावानिशी दिलेत. खोटी घाई, टोपलीत गुपचूप वस्तू टाकणं, शेवटी-शेवटी वाढत जाणारी किंमत, सदस्यत्वाचा सापळा, नकार देताना लाज वाटायला लावणं वगैरे. शेवटच्या प्रकाराचं उदाहरण थेट विमान तिकिटाचं आहे: विमा नको असेल तर 'मी असुरक्षित राहीन' या अर्थाच्या बटणावर क्लिक करायचं. बाबांच्या एका तिकिटात यातले दोन प्रकार तर नक्की भेटले. 'फक्त ३ सीट' खरंच ३ होत्या का ते मला माहीत असायचं कारण नाही, पण बस सुटताना मागची अर्धी रिकामी होती असं बाबा म्हणतात.

जून २०२५ मध्ये प्राधिकरणानं ई-कॉमर्स कंपन्यांना सांगितलं की तीन महिन्यांत स्वतःची तपासणी स्वतः करा आणि आमच्याकडे डार्क पॅटर्न नाहीत असं जाहीर करा. नोव्हेंबरपर्यंत २६ मोठ्या कंपन्यांनी तशी घोषणापत्रं दिली.

हे मी बाबांना सांगितलं तर ते हसलेच. म्हणाले, "म्हणजे मेकरनंच चेकर व्हायचं?" बँकेत नोंद करणारा आणि ती मंजूर करणारा, मेकर आणि चेकर, हे दोन वेगळे माणूस असावे लागतात. एकच माणूस दोन्ही पासवर्ड वापरताना सापडला तर नोकरीवर येतं.

त्यात सॉफ्टवेअरची एक अडचण आहे, जिच्याबद्दल बातम्यांत फारसं वाचायला मिळत नाही. समजा उद्या सरकारी अधिकारी ॲप उघडून तपासायला बसला. त्याला दिसलेलं पान आणि बाबांना दिसलेलं पान एकच असेल याची खात्री काय? जवळपास प्रत्येक मोठं ॲप ए/बी चाचण्या चालवतं. निम्म्या लोकांना टिक असलेलं पान, निम्म्यांना नसलेलं. कधी नव्या ग्राहकाला वेगळं, जुन्याला वेगळं. कधी शहरानुसार, कधी फोनच्या मॉडेलनुसार. सर्व्हरवर एक खटका दाबला की पान बदलतं, ॲप अपडेटसुद्धा करावं लागत नाही. मी स्वतः असे खटके लिहिलेत. कामाचा भाग आहे तो, त्यात मुळात वाईट काही नाही. पण मग स्क्रीनशॉट हा पुरावा फार कच्चा. पक्का पुरावा असतो चाचण्यांच्या नोंदीत: कुठली मांडणी कुणाला दाखवली, किती दिवस, आणि यश कशानं मोजलं. माझ्या मते तपासायचं असेल तर पानं नकोत, या नोंदी मागवायला हव्यात. 'विमा घेणारे वाढले' हे यश धरलं आणि 'नंतर तक्रार करणारे किती' हे मोजलंच नाही, तर घोषणापत्रावर काहीही लिहिलेलं असो.

अमेरिकेत काय झालं बघा. तिथल्या व्यापार आयोगानं ॲमेझॉनवर प्राइमच्या सदस्यत्वावरून खटला भरला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये तो २५० कोटी डॉलरला मिटला. त्यातले १५० कोटी ग्राहकांना परत द्यायचे. त्या खटल्यात बाहेर आलेली गोष्ट अशी की सदस्यत्व रद्द करण्याच्या प्रक्रियेला कंपनीच्या आत 'इलियड' म्हणत. होमरचं ते भलंमोठं युद्धकाव्य. हे नाव ग्राहकाच्या स्क्रीनवर कधीच दिसलं नसतं. अंतर्गत कागद उघडले म्हणून दिसलं.

एक बटण काढून टाकलं

आपल्याकडचं एक उदाहरण मात्र मला मनापासून आवडलं. यूपीआयमध्ये 'कलेक्ट रिक्वेस्ट' असायची, म्हणजे समोरच्याला पैसे मागणारा संदेश. भामटे जुना सोफा घ्यायच्या बहाण्यानं फोन करायचे, "पैसे पाठवतोय, पिन टाकून स्वीकारा," असं म्हणायचे आणि खरं तर मागणी पाठवायचे. माणूस पिन टाकायचा, पैसे यायच्याऐवजी जायचे. 'पैसे घ्यायला पिन लागत नाही' हे बँकांनी किती वर्षं सांगितलं! एसेमेस, पोस्टर, रेडिओ. तरी लोक फसत होते, कारण विकल्याच्या आनंदात, फोनवर कुणीतरी घाई करत असताना, पोस्टर आठवत नाही.

शेवटी एनपीसीआयनं १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीनं व्यक्तीला अशी मागणी पाठवण्याची सोयच बंद केली. दुकानदारांसाठी ती तेव्हा चालू ठेवली, तुमच्या-माझ्यात नाही. माणसाला शहाणं करायचा नाद सोडून खड्डाच बुजवला.

याचं दुसरं टोक म्हणजे 'डिजिटल अरेस्ट'. आपल्या कायद्यात असा प्रकारच नाही, हे आता बहुतेकांना माहीत आहे. तरी निवृत्त अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापक फसतात आणि आपण म्हणतो, एवढे शिकलेले असून! पण त्या गुन्ह्याची कृती नीट बघितली तर सगळा खेळ भोवताल ताब्यात घेण्याचा आहे. व्हिडिओ कॉलवर पोलीस ठाण्याचा देखावा. कॅमेरा बंद करायचा नाही. खोलीचं दार लावून घ्यायचं. घरच्यांना सांगायचं नाही. तासन् तास, कधी दिवसचे दिवस. ज्या एका माणसानं "काय चाललंय?" विचारलं असतं, तो खोलीबाहेर. बाबांच्या भाषेत सांगायचं तर चेकर घालवून टाकायचा. मग मेकर कितीही हुशार असो.

यावर उपाय म्हणून जगभर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते, ती म्हणजे उशीर. संशयास्पद वाटणारा व्यवहार बँकेला जास्तीचे ७२ तास अडवून धरता यावा असा बदल ब्रिटननं ऑक्टोबर २०२४ मध्ये केला. आपल्याकडे नव्या फोनवर यूपीआय सुरू केलं की पहिले २४ तास ५,००० रुपयांची मर्यादा असते. नेटबँकिंगमध्ये नवं नाव जोडल्यावर बऱ्याच बँका काही तास थांबवतात.

आता मी इथे 'अडथळे चांगले' म्हणून मोकळा झालो असतो, पण एक रात्र आठवते. आईच्या छातीत दुखायला लागलं आणि आम्ही तिला दवाखान्यात नेलं. काउंटरवर २०,००० भरा म्हणाले. माझा जुना फोन त्याच दुपारी पडून फुटला होता, नवा सुरू करून तीन तास झाले होते. ५,००० च्या पुढे जाईना. डेबिट कार्ड घरी. रात्री पावणेबारा वाजता चुलतभावाला झोपेतून उठवून पैसे भरायला लावले. आई ठीक आहे, ॲसिडिटी निघाली. पण त्या काउंटरपाशी उभा असताना ज्यानं ही मर्यादा घातली त्याला मी मनातल्या मनात काय काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही. तोही कुणीतरी एसी ऑफिसातच बसलेला असणार, आणि त्यालाही माझा भोवताल दिसत नव्हता.

म्हणजे अडथळा असावा की नसावा हा प्रश्न अर्धाच. तो कुठे ठेवलाय ते बघावं लागतं. पैसे खात्यातून जाताना अडथळा आणि सेवा बंद करताना सोपा रस्ता, असं असायला हवं. बहुतेक ॲपमध्ये बरोबर उलटं आहे. घेताना एक टॅप, सोडताना 'तुम्हाला नक्की जायचंय का?' ची पाच पानं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं आपोआप कापल्या जाणाऱ्या हप्त्याआधी २४ तास सूचना येते, हे त्यातल्या त्यात बरं. पण ती सूचना दिवसभराच्या पन्नास नोटिफिकेशनमध्ये येते आणि आपण अंगठ्यानं सगळी एकदम उडवतो.

डिफॉल्ट नेहमी ग्राहकाच्या विरोधातच असतो असंही नाही. १ जानेवारी २०२० पासून स्टार रेटिंगवाला नवा एसी सुरू केला की तो २४ अंशांवर सुरू होतो. १८ करायला कुणी अडवत नाही, पण सुरुवात २४ पासून. तिथेही कुणीतरी एक किंमत आधीच भरून ठेवली आहे. माझ्या चेकबॉक्समध्ये आणि त्यात कोडच्या दृष्टीनं काडीचा फरक नाही. फरक एवढाच की २४ कुणी आणि का ठरवलं हे जाहीर आहे, आणि त्यातून वाचणारं वीजबिल माझंच आहे. माझ्या चेकबॉक्सचं कारण एका स्लाइडवर होतं, ती स्लाइड आमच्या मजल्याबाहेर गेली नाही.

आताच्या कंपनीत मी एक केलं. नवं पान तपासताना टीमला खाली पार्किंगच्या उघड्या बाजूला नेलं. दुपारी दोन वाजता, एका हातात लॅपटॉपची बॅग, फोनचा ब्राइटनेस निम्मा. सुरुवातीला सगळे हसले. मग आमच्याच डिझायनरला आमच्याच पानावरचं 'वगळा' बटण सापडेना. पुढच्या स्प्रिंटमध्ये ते बटण मोठं झालं. अशानं कंपनीचा महसूल घटतो का, हा प्रश्न मला वरून दोनदा आलाय आणि खरं उत्तर 'हो, थोडा' असंच आहे. पुढच्या तिमाहीत ते बटण टिकेल का, मी खात्रीनं सांगू शकत नाही.

माझ्या जुन्या चेकबॉक्सबद्दल मी बाबांना त्याच फोनवर सांगून टाकलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग विचारलं, "तुला तेव्हा कळलं नव्हतं का रे?" मी म्हटलं, कळलं होतं. त्यावर ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन लावून तक्रार नोंदवली. ५९ रुपयांसाठी. १२ दिवसांनी विम्याचे ४९ परत आले. देणगीचे १० अजून आलेले नाहीत, आणि वहीत ती ओळ त्यांनी उघडी ठेवली आहे.